डाव्या अंगाचा मासा

उजव्या अंगाचा मासा सुपडूनानांनी आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. पान लावून तोंडात घालायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच त्यांना त्या माशाला लागला. कुंचला गेरूत बुडवला, नाकापासून रेघ निघाली ती पाठीवरून एका दमात मागे गेली, तिथून पोटाखालून वळली आणि पुन्हा नाकाशी येऊन मिळाली. मग कात्रीसारखी शेपूट, दोन पर, मिशांचे दोन केस आणि तोंडाच्या कोपऱ्यात एक बारीकसं वळण. त्या वळणावरून नानांचा मासा अख्ख्या धुळ्यात ओळखू यायचा. तो हसायचा. कुणाच्याही घरी लग्न निघालं की दारावर गणपती, दोन्हीकडे भालदार आणि त्यांच्या पायाशी एकमेकांकडे तोंड केलेले दोन मासे, हे ठरलेलं. गणपती, भालदार दुसऱ्या कुणी काढले तरी चालत. मासे मात्र नानांचेच लागत.

डाव्या अंगाचा मासा ते नेहमी लग्नाच्या दिवशी सकाळी काढत. त्यांच्या वडिलांची तशी रीत होती. जोडीदार लग्नाच्या दिवशीच यायचा असतो, असं म्हातारा म्हणे, आणि नानांनी त्यात चाळीस वर्षांत कधी बदल केला नव्हता.

या वेळी लग्न त्यांच्याच घरी होतं. एकुलती एक झुंबर जळगावला द्यायची होती. सातव्या वर्षापासून ती बापाच्या हाताखाली गेरू घोटत आली. बाराव्या वर्षी तिला रेघ सापडली, आणि आता देवपूरकडच्या भिंतींवरच्या चार माशांतले तीन तिचे असत. हे नाना आणि नानांची बायको कौतिकबाई सोडून कुणाला माहीत नव्हतं, कारण तिचे मासेही तसेच हसत.

मागच्या दिवाळीत सोयरीक जुळली तेव्हा कौतिकबाईला फार आनंद झाला होता. मुलगा पंडित शांत, निर्व्यसनी. वडील लहानपणी गेलेले, चुलता रुपचंद यानं वाढवलेला. शिवाय रुपचंदही चितारीच. मुलगी रंगातून उठून रंगातच जाणार, याहून चांगलं काय, असं तिचं म्हणणं. नानांनीही हो म्हटलं होतं. पण रुपचंद म्हणजे मुंबईला दोन वर्षं ड्रॉइंग शिकून आलेला माणूस. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा, दुकानांच्या पाट्या करायचा, आणि मेहरूणच्या तळ्यावर आठ-आठ दिवस बसून एकेक मासा काढायचा, असं ऐकिवात होतं. पत्रात त्यानं लिहिलं होतं की, सूनबाईंचा हात चांगला आहे असं विहीणबाईंकडून कळलं, इकडे आल्यावर आपण तो सुधारू. 'सुधारू' हा एवढासा शब्द नानांच्या पोटात बाभळीच्या काट्यासारखा जाऊन बसला होता. त्यांनी तो कुणाला दाखवला नाही.

वऱ्हाड चाळीसगावच्या गाडीनं दुपारी उतरलं. वाजंत्री लावून दारापर्यंत आणलं. रुपचंद उंच, किडकिडीत, अंगात बंद गळ्याचा कोट आणि कानावर पेन्सिल. पाय धुवायला पाटावर उभा राहिला आणि त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. कौतिकबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. रुपचंदनं मासा बराच वेळ पाहिला, चष्मा काढून पाहिला, मग घालून पाहिला, आणि अगदी मनापासून विचारलं की हा कुठला मासा.

"लगीनना," नाना म्हणाले.

रुपचंदनं मान हलवली. म्हणाला, पोट तर रोहूचं आहे, शेपूट कटल्याची आणि मिशा शिंगाड्याच्या. म्हणजे हे तीन मासे झाले. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तो खरंच मोजत होता. पण मागे वऱ्हाडातलं कुणीतरी फिसकन हसलं, आणि नानांचे कान लाल झाले.

"तुम्हना मासा बजारमा इकाले ठेवा," नाना म्हणाले. "मना मासा दारवर ऱ्हास."

रुपचंदनं पाटावरचा पाय खाली घेतला आणि ओल्या पायानंच वऱ्हाडाला उतरायला दिलेल्या जानोशाकडे चालू लागला.

आता व्याही रुसणं यात नवल काहीच नाही. कुणी अंगठीसाठी रुसतो, कुणी धोतरजोडीसाठी. त्यावरचे उतारे सगळ्यांना पाठ असतात. पण हा व्याही काही मागेचना. कौतिकबाई दोनदा जानोशावर जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्यानं सांगितलं की अंगठी नको, धोतर नको. डाव्या अंगाचा मासा मी काढणार. तो काढून झाला की जेवेन. कौतिकबाईनं नवऱ्याला न विचारता कबूल करून टाकलं आणि घरी येऊन भाकरीचं पीठ मळता मळता सांगितलं.

नानांनी ऐकलं आणि ताटावरून उठले. त्यांची थोरली बहीण भिकूअक्का, लग्नासाठी एरंडोलहून आलेली, भावाच्या बाजूनं लगेच उभी राहिली. उपाशी राहतो तर राहू दे, वाळलेला आहेच, आणखी वाळेल, असं तिचं मत पडलं. कौतिकबाईनं पीठ मळणं थांबवलं नाही.

"व्याही उपाशी ऱ्हायना ते आपली आंडेर जलमभर ऐकी," ती म्हणाली. "तुम्हनी भित मोठी का मनी पोर?"

नाना पुन्हा ताटावर बसले.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. सकाळी ऊन अंगणात यायच्या आत रुपचंद पेटी घेऊन हजर झाला. काल जे झालं त्याचा मागमूस तोंडावर नव्हता. उलट एखादं पोर जत्रेला निघावं तसा तो दिसत होता. पेटी उघडून त्यानं कुंचले मांडले, ओल्या चुन्यावर तेलाचे रंग धरणार नाहीत म्हणून नानांच्याच वाट्या मागून घेतल्या, आणि मग म्हणाला, मासा कुठे आहे.

कुणाला कळेना. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं की जिवंत मासा समोर असल्याशिवाय तो रेघ काढत नाही.

नानांच्या गळ्यात तुळशीची माळ. माळकऱ्याच्या घरी, लग्नाच्या दिवशी, जिवंत मासा. पण काल शब्द दिलेला होता. मग पांझरा नदीवरच्या मगन भोयाकडे माणूस धावला. मगननं डोहातून हातभर लांबीची मरळ काढून आणली, काळपट हिरवी, सापासारख्या तोंडाची. आणि ती ठेवायला मोठं भांडं हवं म्हणून पुढं आलेलं पहिलं भांडं घेतलं. ते नवरीच्या न्हाणाचं तांब्याचं घंगाळ होतं.

भिकूअक्का हळदीचं ताट घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली.

"नवरीनी आंघोय आते कशामा करानी?" तिनं विचारलं. "बठ्ठं घंगाळ बाटाडी टाकं."

घंगाळातून मरळीनं तोंड वर काढलं, हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा खाली गेली. अक्का दोन पावलं मागे सरली. मग एक पाऊल पुढे आली.

त्या दिवशी कामं काय थोडी होती? मांडवाला आंब्याचे टहाळे बांधायचे होते, आचाऱ्याला लाकडं द्यायची होती, भटजींना आणायचं होतं. नानांनी ठरवलं होतं की त्या भिंतीकडे मुळीच पाहायचं नाही. पण कुठलंही काम त्यांना अंगणातच सापडू लागलं. टहाळे बांधताना त्यांनी पाहिलं: रुपचंदनं भिंतीवर खडूनं बारीक चौकटी आखल्या, हातात काडी धरून एक डोळा मिटून मासा मोजला. लाकडं मोजताना पाहिलं: अजून मोजतोच आहे. न्याहारीची पानं उठली तेव्हा भिंतीवर एक डोळा तयार झाला होता. नुसता डोळा. बाकी भिंत कोरी.

नानांना हसू आलं. ते डोळा सगळ्यात शेवटी ठेवत. हा डोळा आता बसल्या बसल्या सगळं वऱ्हाड बघत होता.

पण लोक जमू लागले. शेजारच्या गल्लीतले आले, मग त्याच्या पुढच्या गल्लीतले. दुपार कलली तेव्हा डोळ्याभोवती डोकं उभं राहिलं, कल्ले आले, आणि खवल्यांच्या ओळी एकेक करून मागे सरकू लागल्या. प्रत्येक खवल्याला आपली सावली होती. मगन भोई घंगाळात पाणी बदलायला आला होता, तो भिंतीपुढे उभा राहिला. त्यानं कल्ल्याच्या मागे, मासा जिथे धरतात नेमक्या त्या जागी बोट टेकवलं आणि म्हणाला, ही दोन वर्षांची शे आणि भुकेली शे.

चाळीस वर्षांत कुठल्याही भोयानं नानांच्या माशाविषयी चकार शब्द काढला नव्हता. न राहवून त्यांनी मगनला बाजूला घेतलं आणि उजव्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, आणि हा?

मगननं बराच विचार केला.

"नाना, तुम्हना मासा कोनाच जायामा येवाव नही," तो म्हणाला आणि पाणी आणायला निघून गेला. कुणाच्या जाळ्यात न येणारा मासा ही तारीफ की निंदा, हे नानांना पुढे कितीतरी वेळ ठरवता आलं नाही.

तोवर घरातली माणसं इकडची तिकडे झाली होती. नवरदेव पंडित निरोपाचं निमित्त करून आला आणि चुलत्याच्या पाठीमागे न थांबता उजव्या माशापुढे जाऊन उभा राहिला. नानांना ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाला, हा पाहिला की बरं वाटतं. रुपचंदच्या हातातला कुंचला क्षणभर अडखळला. त्यालाही ऐकू आलं होतं. नाना खुशीत आत गेले. खिडकीशी झुंबर बसली होती, हळदीनं अंग माखलेलं, आणि गजांना डोकं टेकवून डावी भिंत बघत होती.

"नाना, डोयामा पानी दिसस त्याना," ती म्हणाली. "कसं काढं व्हई?"

नाना बाहेर आले. एक जावई मिळवला आणि तेवढ्यात एक मुलगी हातची गेली, असा त्यांचा हिशोब झाला.

आणि भिकूअक्का, जी कालपासून भावाचा किल्ला लढवत होती, ती घंगाळाशी पाट टाकून बसली होती. मरळीला ऊन लागतं म्हणून तिनं घंगाळावर आपल्या लुगड्याचा पदर धरला होता. भुकेली शे असं मगन बोलून गेला, ते तिच्या जिवाला लागलं होतं. ती बुंदीचा एकेक दाणा पाण्यात टाकत होती आणि मरळ तो खाते की नाही यावर आचाऱ्याशी वाद घालत होती. खात नव्हती. अक्काचं म्हणणं, लाजते.

उन्हं उतरू लागली तशी गडबड वाढली. भटजी आले. आचाऱ्यानं पुऱ्यांसाठी पिठाची परात घंगाळाच्या शेजारी आणून ठेवली. वाजंत्र्यांनी सनई ओली करून एक फुंकर मारली, आणि त्या आवाजानं असो की अक्काच्या बुंदीला कंटाळून असो, मरळीनं घंगाळातून उडी मारली.

ती थेट पिठात पडली. पिठातून निघाली ती पांढरी होऊन. मरळ पाण्याबाहेरही दम धरते आणि जमिनीवरून सरपटत जाते, हे मांडवात मगन सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. हातभर लांबीचं काहीतरी पांढरं जाजमावरून वळवळत येताना दिसलं, तेव्हा बायका बोहल्यावर चढल्या, पुरुष बाजेवर चढले आणि वाजंत्र्यांना वाटलं नवरदेव आला, म्हणून त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. मगन जाळं नसल्यामुळे टोपली घेऊन धावला. रुपचंद कुंचला घेऊन धावला. मासा धरा पण दाबू नका, रंग उतरतो, असं तो सगळ्यांना सांगत होता. मरळ भटजींच्या पळी-पंचपात्रातून गेली, जाजमाच्या घडीत शिरली, दुसऱ्या टोकानं बाहेर आली आणि नानांच्या दोन पायांच्या मधून निघाली.

नाना खाली वाकले आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं.

धरलं म्हणजे काय, तिनंच त्यांना धरल्यासारखं झालं. सगळं अंग एकच स्नायू होतं. ते उजवीकडे वळलं तसे नानाही उजवीकडे वळले. डावीकडे वळलं तसे डावीकडे. शेपटीचा एक फटका गालावर बसला, पागोटं उडालं, आणि नाना जाजमावर बसले. पण हात सोडले नाहीत. मग मरळ थोडी निवली. नानांना तळव्यांत तिचा गारवा जाणवला, कल्ल्यांची उघडमीट जाणवली. पीठ पुसलं गेलं तिथे पाठ अशी चकाकत होती की काळी म्हणावी तर हिरवी दिसे. डोळ्याभोवती सोन्याची बारीक कडी होती. आणि शेपूट कात्रीसारखी नव्हतीच. ती वाटोळी होती, हातपंख्यासारखी.

नाना हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट. पन्नाशी उलटलेला माणूस, कन्यादानाचं सोवळं नेसलेला, गालाला पीठ आणि चिकटा, मांडीवर मासा, आणि हसू आवरत नाही. कौतिकबाईला वाटलं यांना काही झालं. ती जवळ आली, तिनं पाहिलं, आणि तीही तोंडाला पदर लावून खाली बसली. भिकूअक्कानं सगळ्यांना दरडावलं की हसता काय, तिचा जीव चालला, आधी पाण्यात टाका. तेव्हा कुठे मरळ घंगाळात परत गेली.

भटजींनी सांगितलं की यजमानाला पुन्हा स्नान करावं लागेल. घंगाळ रिकामं नव्हतं, म्हणून नानांनी विहिरीवर दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. ओलेत्यानंच ते डाव्या भिंतीशी आले.

रुपचंद भिंतीपुढे उभा होता आणि त्याच्या तोंडावरचं जत्रेतलं पोर नाहीसं झालं होतं. डोकं झालं होतं. कंबरेपर्यंत खवले झाले होते. पुढे चौकटीच चौकटी. सूर्य देवपूरच्या झाडांमागे उतरायला लागला होता. मागे बायका कुजबुजत होत्या की दारावर अर्धा मासा म्हणजे अर्धवट संसार. जळगावच्याच एका म्हातारीनं हे काढलं होतं आणि धुळ्याच्या दोघीतिघींनी माना डोलवल्या होत्या. भटजी म्हणत होते मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. झुंबरला मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या आणि तीही खिडकीतून पाहत होती. तिचं तोंड उतरलं होतं. ते नानांनी पाहिलं.

"पुरा करा ना व्याही," ते म्हणाले.

रुपचंदनं कुंचला खाली ठेवला.

"नाना, मला घाई जमत नाही," तो हळू म्हणाला. "कधीच जमली नाही. मुंबईला परीक्षेत माझं चित्र अर्धं राहिलं. नाटकाचा पडदा अर्धा राहिला, तो तसाच लावून त्यांनी खेळ केला आणि मला काढून टाकलं. घरी माझे बासष्ट मासे आहेत. त्यातले शेपटीसकट चार."

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं.

"चाळीस वरीस व्हई गयात, मी मासा काढस," ते म्हणाले. "पन आजलोंग मासाले हात लायेल नव्हता."

रुपचंदनं चष्मा काढला. आधी कोण हसलं हे नंतर दोघांनाही सांगता आलं नाही.

"शेपूट तुम्ही काढा," रुपचंद म्हणाला.

नानांनी कुंचला भरला. हात सवयीनं वर गेला, कात्रीचं पहिलं पातं काढायला, आणि भिंतीपासून बोटभर अंतरावर थांबला. असं कधी झालं नव्हतं. हातानं चाळीस वर्षं एकच वाट धरली होती आणि आज तळव्याला दुसरंच ठाऊक झालं होतं. मागे लोक थांबले होते, सूर्य थांबत नव्हता. रुपचंद शेजारून नुसता बघत होता. काय करायचं हे त्यानं सांगितलं नाही, एवढे त्याचे उपकार.

नानांनी डोळे मिटले, हातातलं ते गार वळवळणं आठवलं आणि रेघ सोडली. कंबरेपासून निघाली, पाठीवरून फिरली, वाटोळी झाली. डोळे उघडले तेव्हा शेपूट थोडी मोठी झाली होती आणि रंग जास्त झाल्यामुळे एक ओघळ खाली निघाला होता. रुपचंदनं झटकन कुंचला उचलला आणि त्या ओघळाचाच एक काटा केला, त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. आयुष्यात पहिल्यांदा न मोजता. तेवढ्यात शेपूट उभी राहिली.

मासा पुरा झाला. पुढून तो दोन वर्षांची भुकेली मरळ होता आणि मागून लग्नातला पाहुणा. मग भिकूअक्का घंगाळात एकदा आणि भिंतीवर एकदा पाहून म्हणाली की चेहरा तंतोतंत आहे, पण ही मागून इतकी जाड नाही. एवढं बोलायचा अवकाश, सगळा मांडव हसायला लागला; ती जळगावची म्हातारीसुद्धा. वाजंत्र्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी नवरदेव खरोखरच आला होता.

मंगलाष्टकं झाली. रुपचंद कालपासूनचा उपाशी, अकरा पुऱ्या जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-नवरी एकवीरेच्या पाया पडून आली. बापानं स्टेशनापर्यंत जायचं नाही, अशी घरची रीत. म्हणून पांझरेच्या काठावरच निरोप द्यायचा ठरलं. बैलगाडीत झुंबरच्या शेजारी भिकूअक्का घंगाळ मांडीवर घेऊन बसली होती. मरळ आपल्याच हातानं सोडायची असा तिचा हट्ट. आधी तिनं मगनला वाळूत उभा केला आणि होळीपर्यंत या डोहात जाळं टाकणार नाही असं देवीकडे तोंड करून वदवून घेतलं. मग घंगाळ कलतं केलं. मरळ गुडघाभर पाण्यात क्षणभर तशीच उभी राहिली, वर आली, हवेचा घोट घेतला, आणि वळून डोहाच्या काळ्या पाण्यात गेली.

"वळताना पाहिलंत?" रुपचंद म्हणाला. "मान आधी वळली नाही."

"कंबर वळनी," नाना म्हणाले.

झालं. दोघं व्याही ओल्या वाळूत बसले, हातात काटक्या घेऊन. नाना हळू काढत होते, थांबत होते, डोहाकडे बघत होते. रुपचंद भराभर काढत होता आणि पुसत होता. कंबर वळते तेव्हा शेपूट कुठे असते यावर त्यांचं पटेना. दोघांची धोतरं भिजून मांड्यांना चिकटली होती आणि दोघांच्याही पाठी वऱ्हाडाकडे होत्या. वर काठावर झुंबर आईच्या गळ्यात पडली होती. बायकांचं रडणं रीतसर सुरू झालं होतं. नानांना ते ऐकू येत होतं, पण लांबून, दुसऱ्या कुणाच्या घरचं असावं तसं.

मग त्या रडण्यातून एक हसणं वर आलं. कुणा पोरीला आवरलं नाही असं, तुटक, नाकातून. नाना ऐकत राहिले. मग त्यांना ते हसणं ओळखीचं वाटलं. झुंबर सासरी निघाली होती आणि या दोघांकडे बघून हसत होती, आणि बायका तिला दटावता दटावता स्वतःच हसत होत्या.

नानांनी मान वर केली तेव्हा पंडितनं चुलत्याला दंडाला धरून उठवलं होतं आणि झुंबरची गाडी चालू लागली होती.

ते पळाले. वाळूतून पळता येत नाही, तरी पळाले. एक वहाण तिथेच राहिली. गाडीच्या मागच्या दांडीला त्यांनी हात घातला आणि तसेच चालत राहिले. झुंबरचे डोळे सुजलेले होते, नाक लाल, आणि ओठ अजून हसत होते. नानांना तिला एक गोष्ट सांगायची होती. गेले तीन महिने ते ती मनात घोळवत होते: तुना हात बदलू देऊ नको. शब्द तोंडाशी आले होते.

"तुना काकासासराकडून खवला शिकी ले," ते म्हणाले. "आनि आखाजीना सनले माहेर येशी ना, तव्हय माले शिकाड."

झुंबर हसायची थांबली. तिनं बापाकडे पाहिलं, त्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे पाहिलं.

"शिकाडसू," ती म्हणाली. "पन मी सांगसू तसं करनं पडी."

"करसू."

गाडीवानानं बैलांना हाक दिली. दांडी हातातून सुटली. गाडी वळणापर्यंत दिसत राहिली, मग धूळ दिसत राहिली, मग तीही खाली बसली. कौतिकबाई मागून आली, हातात नवऱ्याची वहाण. तिनं ती त्यांच्या पायाशी ठेवली. नानांचे डोळे आता वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

वाजंत्री रस्त्याच्या कडेला वाद्यं काखोटीला मारून उभे होते. त्यातल्या म्हाताऱ्यानं पुढे येऊन विचारलं की नवरी तर गेली, आता आम्ही जायचं का.

"घरलोंग वाजाडा," नाना म्हणाले.

वाजंत्र्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा नाही, नवरी नाही, आणि मागून परत येते ती नुसती एक म्हातारी रिकामं घंगाळ कडेवर घेऊन. पण सांगितलं होतं, म्हणून त्यांनी वाजवलं. आणि सुपडूनाना एका पायात वहाण घालून त्यांच्या पुढे चालू लागले.